तीन पासपोर्ट, चौथं नाव

फोन आला तेव्हा सिद्रामप्पा जमादार चौकीच्या दारात उन्हाला पाठ देऊन बसला होता. हुरड्याचे दिवस, गुरुवारची दुपार आणि निवृत्तीला उरलेलं एक वर्ष. अशा माणसाला फोन उचलायची घाई नसते. त्यानं सहावी घंटा वाजू दिली.

"काका, मी आरोही. एमबीएमधून बोलतेय. लवकर या. आमचे पासपोर्ट चोरीला गेलेत."

"किती?"

"तीन. रविवारी विमान आहे आमचं, काका..." तिनं फोन ठेवला.

पोरगी त्याच्या चांगलीच ओळखीची होती. दसऱ्याच्या सुमारास एमबीएच्या चार पोरांच्या पासपोर्टची पोलीस चौकशी त्यानंच केली होती. चौघांच्या घरी चहा घेतला होता आणि चौघांच्या कागदांवर हरकत नसल्याचं लिहून दिलं होतं. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, महिला शिपाई सोनालीला हाक मारली आणि मोटारसायकलला किक मारली.

एमबीए म्हणजे येडशीपासून सात किलोमीटरवर माळावर उभं असलेलं व्यवस्थापनाचं महाविद्यालय. जागा साठ, विद्यार्थी एकोणीस. रामलिंगकडची माकडं विद्यार्थ्यांपेक्षा नियमित येतात, असं पोरंच म्हणायची. आज मात्र फाटकावर मोठा फलक होता. 'आंतरराष्ट्रीय व्यवसाय व्याख्यानमाला, पुष्प तिसरे. वक्ते: डॉ. बी. राजे, बँकॉक.' खाली कोटातला फोटो. सिद्रामप्पानं तो नीट पाहिला आणि त्याला हसू आलं. हा तर माकणीचा बजरंग. दहा वर्षांपूर्वी हा गडी तालुक्यात मोबाईलची सिमकार्डं विकत फिरायचा. डॉक्टर कधी झाला, ते त्यालाच ठाऊक.

संचालक आण्णासाहेब आपल्या खोलीच्या दारातच भेटले. टेबलावर गुरुवारच्या उपासाची साबुदाण्याची बशी तशीच पडली होती.

"जमादार, आधी शोधा. लिहायचं नंतर बघू. कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे."

"नेमकं काय झालं, ते सांगा."

दहा वाजता तिघांनी पासपोर्ट आणून दिले होते. पाहुणे ते सोबत नेऊन व्हिसाचं काम करणार होते. आण्णासाहेबांनी पाहुण्यांसमोर ते पिवळ्या पाकिटात घातले आणि पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं. मग चहा झाला. साडेदहाला सगळे सभागृहात गेले. दाराला नुसती कडी, कुलूप नाही. सव्वाबाराला परत येऊन खण उघडला तर पाकीट गायब.

सिद्रामप्पानं टेबलाकडं पाहिलं. काचेवर चहाच्या चार कपांच्या कडा वाळून बसल्या होत्या. कप नव्हते. त्यानं ते पाहिलं आणि तिथंच सोडून दिलं. यासाठी पुढं त्यानं स्वतःला भरपूर शिव्या घातल्या.

दाराबाहेरच्या स्टुलावर शिपाई कल्याणप्पा बसून होता.

"आत कोण गेलं?"

"कुणी न्हाय, साहेब."

"जागा सोडली हुतीस?"

"एकडाव. सत्काराचा नारळ इसरला हुता, त्यो आणाया गेलो. पाच मिन्टं बी न्हाय लागली."

"परत आल्यावर कुणी दिसलं?"

"म्हन्लं की, कुणी न्हाय म्हनून. मास्तर न्हाय, पोरं न्हाय."

भिंतीवर परदेशातल्या नोकरीची निवड यादी लावलेली होती. एक, आरोही. दोन, मोनिका. तीन, उत्तरेश्वर. चार नंबरवर पांढरा रंग फासलेला होता.

"चौथा आण्णासाहेबांचा रणधीर न्हवं? त्यो का खोडला?" त्यानं आरोहीला विचारलं. तिचे डोळे सुजले होते.

"हो, तोच. त्याचा पासपोर्ट वेळेत आलाच नाही म्हणून दिवाळीनंतर नाव काढलं."

आपण राहिलो आणि तिघं निघाले, या जळफळाटात पोरगं काहीही करू शकतं. सिद्रामप्पाला धागा सापडल्यासारखं वाटलं. रणधीर बाहेर मोटारसायकलवर तोंड पाडून बसला होता.

"व्याख्यानाला कुठं बसला हुतास?"

"पहिल्या रांगेत. कॅमेरा माझ्याकडं होता. दोन तास हललो नाही."

"जायाची इच्छा हुती न्हवं तुझी?"

"लई होती. का नाही गेलो ते पप्पांना विचारा." एवढं बोलून त्यानं मान फिरवली. त्याच्या कॅमेऱ्यात साडेदहापासूनचं अखंड चित्रण होतं. म्हणजे धागा तिथंच तुटला.

सभागृहात पाहुणे खुर्चीत रेलून बसले होते. अंगावर सत्काराची शाल, मांडीवर नारळ.

"हे बघा, मला आजच हैदराबाद गाठायचं होतं. तुमच्या या गोंधळात माझा दिवस गेला."

"नोकरी कसली हाय म्हनायची?"

"ई-कॉमर्स. थायलंडमधली मोठी कंपनी. मी नुसतं भाषण ठोकत नाही, जमादार. मी घडवून दाखवतो. तो बघा."

पडद्यावर एका पोराचं चित्र थांबवलेलं होतं. नवा कोट, पांढरा शर्ट, वरची दोन बटणं उघडी, गळा मोकळा. तो हसत होता. मागं काचेची उंच इमारत.

"शंभुलिंगदादा," आरोही म्हणाली. "अणदूरच्या शरणम्मा काकूंचा मुलगा. आमच्याच कॉलेजातून गेल्या वर्षी गेला. आज त्याचा संदेश ऐकवला राजे सरांनी. तो म्हणतो, इथं सगळं चांगलं आहे, तुम्हीपण या." बोलताना तिचा चेहरा क्षणभर उजळला. "काका, माझी आई बार्शीला साडीच्या दुकानात घड्या घालते. मी एमबीए करून त्याच दुकानात बिलं फाडायची का? रविवारपर्यंत पासपोर्ट नाही मिळाला तर माझी जागा दुसऱ्याला देणार आहेत."

ते त्याला आरपार समजलं. त्याचा स्वतःचा पोरगा दोन पदव्या घेऊन पुण्यात पार्सलं पोचवत होता.

त्यानं फाटक बंद केलं आणि झडती सुरू केली. दप्तरं, डबे, गाड्यांच्या डिक्क्या, प्राध्यापकांचे खिसे, संचालकांची मोटार, पाहुण्यांची बॅगसुद्धा. बायकांची झडती सोनालीनं घेतली. सगळ्यात शेवटी हरणाबाई आली. कॉलेजात झाडलोट आणि चहा तिच्याकडं असायचा. संध्याकाळी ती घरून होस्टेलच्या पोरांना डबे द्यायची. साठीची, सुकलेली बाई. गळ्यात कवड्यांची माळ, काखेत तुळजाभवानीची वेताची परडी आणि परडीवर हळदीनं पिवळं झालेलं फडकं. आराधी बाई होती ती. देवीच्या नावानं दारोदार जोगवा मागायचं व्रत घेतलेली.

सोनालीनं तिची पिशवी पाहिली, ओचा चाचपला आणि परडीवरच्या फडक्याला हात घातला.

"ए पोरी!" सिद्रामप्पा खेकसला. "पायात बूट हायत तुझ्या. आईच्या परडीला हात लावतीस?"

सोनाली चपापून मागं सरली. सिद्रामप्पानं बूट काढले, वाकून परडीला हात जोडले. हरणाबाईनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. ती त्याच्याकडं अशी पाहत राहिली की जणू तिला काही विचारायचं होतं. मागं एकदा ती चौकीवर आली होती, एवढं त्याला आठवलं. कशासाठी, ते आठवेना.

पासपोर्ट सापडले नाहीत.

शुक्रवारी सकाळी सिद्रामप्पानं आंघोळ केली, गळ्यातल्या करडगीतून, चांदीच्या डबीतून, इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली आणि पूजा केली. बारा वर्षांचा असताना जंगमानं, लिंगायतांच्या गुरूनं, गळ्यात बांधलेलं लिंग. आजवर एक दिवस चुकला नव्हता. पूजेशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, ही घराची रीत. लिंग परत गळ्यात घालताना त्याचा हात मध्येच थांबला. काहीतरी टोचलं आणि निसटलं.

एवढ्यात दारात संबळ वाजला. "आई राजा उदो उदो!" दोन आराधी बाया परड्या घेऊन उभ्या होत्या. त्याची बायको राजेश्वरी सुपात पीठ घेऊन बाहेर गेली.

"आज बरं सकाळीच?" तो बसल्या जागेवरून म्हणाला.

"आज शुक्रवार न्हाय का? मंगळवार-शुक्रवार येनारच की त्या. पन्नास वर्सं बघताव आनि इचारताव काय!"

सिद्रामप्पानं हातातला चहा खाली ठेवला. तो तसाच निवला. त्यानं अणदूरला फोन लावला, शरणम्माला एकच प्रश्न विचारला आणि मिळेल त्या गाडीनं निघून यायला सांगितलं. मग चौकीवर जाऊन पासपोर्टच्या चौकशीची जुनी नोंद काढली. आणि तिथून सोनालीला घेऊन तो एकाच घरी गेला. तिथं त्याला फार वेळ लागला. परतताना दिवसभर पायपीट केलेल्या माणसासारखा तो दिसत होता.

बाराला त्यानं सगळ्यांना सभागृहात बसवलं. आण्णासाहेब, पाहुणे, रणधीर, कल्याणप्पा, तिघं विद्यार्थी, आरोहीची आई लक्ष्मीबाई. दाराशी शरणम्मा, तीन गाड्या बदलून ती नुकतीच पोचली होती. तिच्या शेजारी हरणाबाई.

सिद्रामप्पानं टेबलावर पिवळं पाकीट ठेवलं. आरोहीच्या तोंडून आवाज फुटला.

"हायत. तिन्ही हायत," तो म्हणाला. "आता कसं झालं ते ऐका. कल्याणप्पा, काल दहा वाजता चहा झाला. चार कप टेबलावर हुते. मी आलो तवा कप नव्हते. कुणी उचलले?"

"हरणाबाईनं. मी नारळ घिऊन आलो तवा ट्रे घिऊन भाईर पडत हुती."

"आनि मी इचारलं, आत कोण गेलं, तर म्हनलास कुणी न्हाय."

"चहाचे कप न्यायाला आली ती. ती कशी मोजायची?" कल्याणप्पा खरोखरच गोंधळला होता.

"तुझी चूक लहान. माझी मोठी. चहा आणला तवा हरणाबाईनं पाकीट खणात जाताना बघितलं. कप न्यायाला गेली तवा ते ओच्यात घातलं, मोरीवर जाऊन परडीत ठिवलं, वरून पीठ पसरलं. काल गुरुवार हुता. आराधी बाई जोगव्याला मंगळवारी आनि शुक्रवारी निघती. या जिल्ह्यातलं शेंबडं पोर बी सांगल. गुरुवारी काखेत परडी कशाला? मी इचारलं न्हाय. उलट त्या पोरीला खेकसलो आनि सोता पाया पडलो. काखेत कळसा आनि गावाला वळसा. कळसा तिच्या काखेत हुता, वळसा मी घातला."

सगळ्यांच्या माना हरणाबाईकडं वळल्या. ती जमिनीकडं पाहत होती.

"मावशी?" आरोही म्हणाली. "तुम्ही? तुमच्या हातचं जेवलेय मी."

आण्णासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "असो. गरीब बाई आहे. हातून झालं. माझी काही तक्रार नाही, जमादार. मुलांना पासपोर्ट द्या, विषय मिटला."

पाहुणेही मोठ्या मनानं हसले. "मीही माफ केलं."

आरोहीनं हात पुढं केला. सिद्रामप्पानं पाकिटावर पंजा ठेवला.

"थांब, बाळ. सरकार एवढ्या लवकर माफ करत न्हाय. या बाईनं चोरी का केली, ते कुणीच इचारलं न्हाय. हरणाबाई, मला सांगितलंस ते सांग."

हरणाबाईचा आवाज बसका होता. "दिवाळीच्या आदल्या दिशी फोन आला. नंबर काय दिसला न्हाय. म्हनला, मावशी, शंभू बोलतोय. म्या म्हन्लं, डबा पायजे का रं? सवयच हुती त्याची, रोज फोन करून डबा सांगायचा. तर रडाया लागला. म्हनला, माझा फोन काडून घेतलाय, चोरून दुसऱ्याच्या फोनवरनं बोलतोय, आनि पाठ असल्याला नंबर येवढा तुमचाच हाय. भिंतीच्या आत कोंडून ठिवलंय. दिवसभर लोकान्ला फोन लावून फशिवायचं काम. न्हाय केलं की मारत्यात. म्हनला, राजे सरासंगं कुणाला धाडू नगा. आईला सांगू नगा. मग फोन कट झाला. मागनं आला न्हाय."

शरणम्मानं तोंडात पदर कोंबला.

"हे कुणाला सांगितलंस?"

"आदी आण्णासाहेबान्ला सांगितलं. सर म्हनले, तोंड बंद ठीव, न्हायतर कामावरनं काडीन. मग चौकीवर गेले."

"कोण भेटलं चौकीवर?"

"ध्यानात न्हाय," हरणाबाई म्हणाली. तिला त्याला वाचवायचं होतं. सिद्रामप्पाला ते सहन झालं नाही.

"मी भेटलो," तो म्हणाला. "दिवाळीच्या बंदोबस्ताला निघालो हुतो. म्हनलो, नंबर न्हाय, पत्ता न्हाय, तक्रार कशाची घिऊ? पोरगं पिऊन बोललं असल. आनि इसरून गेलो. मग हिनं काय करायचं? सायबांनी ऐकलं न्हाय, पोलिसानं ऐकलं न्हाय. उरली देवी. हिनं देवीच्या परडीत चोरी ठिवली. आराधी बाईला ते केवढ्याला पडतं, ते तुमी समजून घ्या."

पाहुणे उठून उभे राहिले. "काय फालतूपणा आहे! एक अडाणी बाई काहीतरी ऐकते. मुलगा स्वतः बोलतोय व्हिडिओत. दाखवू पुन्हा?"

"दाखवा. तेच म्हनतोय मी."

पडद्यावर शंभुलिंग उमटला. कोट, हसू, उंच इमारत. "इथं सगळं चांगलं आहे, तुम्हीपण या."

"थांबवा. गळा बघा त्याचा. दोन बटणं उघडी. काल मी हे दहा मिन्टं बघितलं आनि मला दिसलं न्हाय. आज सकाळी पूजा करताना दिसलं. लिंग कुठाय? गळ्यात लिंगाचा दोरा, शिवदारासुद्धा न्हाय. शरणम्मा, मी फोनवर काय इचारलं तुमाला?"

"शंभू लिंग काढून ठिवतो का कधी, म्हणून." शरणम्मा भिंतीला धरून उभी राहिली. "झोपताना काढत न्हवता, आंघोळीला काढत न्हवता. कॉलेजात पोरं चिडवायची तरी गळ्यातच. लिंग न्हाय तर पाणी पीत न्हवता माझा शंभू." पुढं ती कानडीत काहीतरी पुटपुटली. सिद्रामप्पाला ते कळलं. त्यानं ते मराठीत कुणाला सांगितलं नाही.

"परदेशात जाऊन सुधारला असेल," पाहुणे म्हणाले. पण आवाजातली रग गेली होती.

"आसल बी. म्हनून तुमाला सोडतो आनि आण्णासाहेबांना इचारतो." सिद्रामप्पानं खिशातून जुनी नोंद काढली. "रणधीरचं नाव का खोडलं?"

"सांगितलं ना. पासपोर्ट वेळेत आला नाही."

"पासपोर्टची चौकशी मी केली. चौघांची एकाच आठवड्यात. तिघांचे पंधरा दिवसांत आले. रणधीर, तुझा कधी आला?"

रणधीरनं बापाकडं पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "माझाच सगळ्यात आधी आला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पप्पांनी काढून घेतला. कारण सांगितलं नाही."

"दिवाळीच्या आदल्या दिवशी हरणाबाईनं यांना सांगितलं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी यांनी यादीवर पांढरा रंग लावला. एकाच नावावर. बाकीची तीन तशीच ठिवली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

आण्णासाहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"मला खात्री नव्हती," ते हळू म्हणाले. "एकोणीस मुलं आहेत, जमादार. परदेशात नोकरी लागली असा फलक लागला नाही तर पुढच्या वर्षी नऊ येतील. कॉलेज बंद पडेल. बाईच्या सांगण्यावरून एवढं सगळं... मला खात्री नव्हती."

"खात्री नव्हती तर पोराचं नाव का खोडलं?"

रणधीर उठून बाहेर निघून गेला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. चोर कळला, चोराहून मोठा चोर कळला. पण आता सिद्रामप्पानं ठाण्यातल्या आपल्या साहेबांना फोन लावला. दोन मिनिटं तो नुसतं "व्हय साहेब" म्हणत राहिला. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. व्याख्यान देणं गुन्हा नाही. गळ्यात लिंग नसणं पुरावा नाही. ज्यांचे पासपोर्ट त्यांना द्या आणि मोकळे व्हा.

पाहुण्यांनी शाल झटकली. "विमान रविवारी आहे. यायचं त्यांनी यावं. जबरदस्ती नाही."

"आमचे पासपोर्ट आहेत, जमादार," उत्तरेश्वर म्हणाला. "शंभू भोळा होता. मी सांभाळून राहीन." मोनिका त्याच्या मागं उभी राहिली. आरोहीची नजर पाकिटावरून हलत नव्हती.

तेव्हा हरणाबाईनं विचारलं, "जमादार, गुन्हा लिवला तर पासपोर्ट कुठं ऱ्हात्यात?"

"कोर्टाच्या ताब्यात. मुद्देमाल म्हनून. सीलबंद."

"किती दिस?"

"दीड महिना. दोन."

"मग लिवा की माझं नाव."

"मी तक्रार देणार नाही म्हटलं ना!" आण्णासाहेब जवळजवळ ओरडले.

"नगा दिऊ. सरकारतर्फे मी देतो." सिद्रामप्पानं पाकीट सोनालीकडं दिलं. सोनालीनं रडतच त्यावर सील लावलं. हरणाबाईनं अंगठा उठवला. सिद्रामप्पानं नोकरीत शेकडो माणसं धरली होती, पण अशी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"काका," आरोही म्हणाली, "तुम्ही माझं वाटोळं केलंत." लक्ष्मीबाईनं लेकीला जवळ घेतलं आणि हरणाबाईकडं पाहून बोटं मोडली.

पाहुणे त्याच संध्याकाळी गेले. त्यांच्यावरचा अहवाल सिद्रामप्पानं तीनदा वर पाठवला. तिन्ही वेळा चौकशी सुरू असल्याचं उत्तर आलं. शरणम्माची तक्रार त्यानं अखेर लिहून घेतली. तिच्या प्रती कुठं कुठं गेल्या. शंभुलिंगचा पत्ता लागला नाही. हरणाबाईला जामीनदार मिळायला एकोणीस दिवस लागले. कॉलेजनं तिला काढलं. डबे बंद झाले, कारण चोर बाईच्या हातचं कोण खाणार? आराधी मेळ्यातल्या बायांनीही तिला परडी घेऊ दिली नाही. आईच्या परडीला चोरीचा माल शिवला होता, ते त्यांना चालणार नव्हतं. हरणाबाईनं त्यावर वाद घातला नाही.

फाल्गुनात एमबीएच्या फाटकावर चौथ्या पुष्पाचा फलक लागला. वक्ते नवे होते.

त्याच आठवड्यात कोर्टानं पासपोर्ट परत द्यायचा हुकूम काढला. सिद्रामप्पानं विरोधाचं म्हणणं दिलं होतं. ते वाचून बाजूला ठेवलं गेलं. उत्तरेश्वर आणि मोनिका पहिल्याच दिवशी येऊन आपापले घेऊन गेले. राजे सरांची दुसरी तुकडी महिनाअखेरीस निघणार होती. तिसऱ्या दिवशी आरोही एकटीच आली.

सिद्रामप्पानं पावतीची वही पुढं सरकवली, पण पासपोर्ट हातातच ठेवला.

"काका, शंभूदादा खरंच अडकलाय?"

"व्हय."

"मावशी खोटं बोलल्या नाहीत?"

"न्हाय, बाळ."

"म्हणजे मी जाऊ नको?"

"नको जाऊस. हात जोडतो तुला."

आईबरोबर साडीच्या दुकानात उभ्यानं काढलेल्या बारा तासांनी तिचे पाय सुजलेले दिसत होते. मग तिनं विचारलं, आणि विचारताना तिच्या आवाजात राग उरला नव्हता.

"मग इथं काय करू, ते सांगा."

सिद्रामप्पानं तोंड उघडलं. त्याला त्याचा पोरगा आठवला, एकोणीस विद्यार्थ्यांचं कॉलेज आठवलं, साडीचं दुकान आठवलं. आरोही खरंच उत्तराची वाट पाहत होती. त्यानं काही सांगितलं असतं तर कदाचित ती थांबली असती. पण त्याला एकही शब्द सुचला नाही.

तिनं वहीत सही केली, तारीख घातली आणि त्याच्या हातातून पासपोर्ट काढून घेतला.